महागलेले मांस आणि आकसलेले ताट

महागाईची चर्चा आपल्याकडे कांदा, साखर, डाळ आणि खाद्यतेल या चार जिनसांभोवती फिरत राहते. कांदा चढला की सत्ताधाऱ्यांची झोप उडते, डाळ चढली की परदेशांतून जहाजे मागविली जातात, साखर चढली की निर्यातीचे दरवाजे बंद होतात. मांसाचा भाव चढला तर मात्र त्याची दखल घेण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. मांस ही चैनीची वस्तू आहे, परवडेल त्याने खावी, न परवडेल त्याने सोडावी, असा एक सोयीस्कर समज राज्यकर्त्यांत आणि आम्हा पांढरपेशांतही रुजलेला आहे. हा समज किती पोकळ आहे हे पाहावयाचे असेल तर हैदराबाद शहराकडे पाहावे.

हैदराबादची कीर्ती बिर्याणीची आणि हलीमची. या शहराच्या हलीमला २०१० साली भौगोलिक उपदर्शनाचा मान मिळाला. परंतु हॉटेलांतील देगी आणि घरांतील चुली यांचे गणित वेगळे असते. हैदराबादच्या जुन्या शहरात मांसाची दोन नावे आहेत, ‘छोटे का’ आणि ‘बडे का’. छोटे म्हणजे शेळी-मेंढीचे, बडे म्हणजे म्हशी-रेड्याचे अथवा बैलाचे. गाईची हत्या तेथे १९७७च्या कायद्याने निषिद्ध आहे. बैल आणि म्हैस यांना, ती शेतीस, दुधास वा पैदाशीस निरुपयोगी झाल्याचा दाखला मिळाला तरच परवानगी असते. तेव्हा तेथील बाजारात ज्याला सरसकट ‘बीफ’ म्हणतात ते बहुतांशी म्हशीचे मांस होय. त्याचा भाव साधारणतः मटणाच्या निम्म्याहूनही कमी असतो, आणि म्हणूनच रिक्षा चालविणारा, बांगड्यांना खडे बसविणारा, हातगाडी ओढणारा असा जो वर्ग त्या शहरात आहे त्याच्या घरातील मांस म्हणजे हेच मांस. त्यात केवळ मुसलमानच आहेत असे नाही. दलित व ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०११-१२च्या आकडेवारीवरून देशात बीफ वा म्हशीचे मांस खाणाऱ्यांची संख्या सुमारे आठ कोटी निघाली होती.

आमच्या वाचकांपैकी बहुसंख्यांच्या घरी हे मांस शिजत नाही, आणि शिजू नये अशीच त्यांची श्रद्धा आहे. त्या श्रद्धेचा आम्ही पूर्ण आदर करतो. मग परप्रांतातील एका शहरातील, आपण न खाणाऱ्या मांसाच्या भावाची उठाठेव आम्ही का करावी, असा प्रश्न कोणी विचारील. त्यास आमची दोन उत्तरे आहेत. पहिले असे की हैदराबाद आम्हा मराठी भाषकांस परके नाही. १ नोव्हेंबर १९५६पर्यंत मराठवाडा त्याच राज्याचा भाग होता. काचीगुडा आणि सुलतान बाजार परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली, १९०७ साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी आजही तेथे उभी आहे. मराठवाड्याच्या गुरांच्या बाजारांतील हालचालींचा परिणाम तेथील दुकानांवर आणि तेथील मागणीचा परिणाम इकडील बाजारांवर होत असतो. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. बाजारात कोणताही भाव एकटा राहत नाही. त्याला शेजार असतो. बीफ चढले की ते घेणारा कोंबडीकडे वळतो, कोंबडीची मागणी वाढली की अंड्यांवर ताण येतो, मटण आवाक्याबाहेर गेले की मासळीच्या टोपलीभोवती गर्दी वाढते. शेजाऱ्याच्या चुलीवर चढलेला भाव कुंपण ओलांडून आमच्या चुलीपाशी येतोच.

किनाऱ्यावरच्या माणसास हे नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते तेव्हा गोव्याच्या बाजारात काय घडते ते प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. ताजी मासळी दुर्मीळ होते, मग पुरुमेंताला साठविलेले सुके बांगडे आणि सुकी सुंगटे डब्यांतून बाहेर येतात, अंडी महागतात, कोंबडीची मागणी वाढते. श्रावण लागला की तीच कोंबडी स्वस्त होते. जुलै २०१८मध्ये फॉर्मेलिनच्या संशयावरून परराज्यांतील मासळीची आवक शासनाने पंधरा दिवस रोखली, तेव्हा ऐन बंदीच्या काळात किनाऱ्यावरील ताटांतून मासळी नाहीशी झाली आणि शिवराक जेवणाचे वार आपोआप वाढले. एका पदार्थाची वाट अडली की दुसऱ्यांवर भार पडतो, हा नियम पणजीच्या बाजारास लागू आहे तसाच तो हैदराबादच्या बाजारासही लागू आहे.

त्या नियमाचे जितेजागते प्रात्यक्षिक २०२० साली हैदराबादने पाहिले. त्या वर्षी फेब्रुवारीत कोंबडी खाल्ल्याने करोना होतो अशी वावडी उठली आणि कोंबडीचा बाजार कोसळला. लोकांची भीती घालविण्यासाठी २८ फेब्रुवारीस हुसेनसागराकाठी कोंबडी-अंड्यांचा एक मेळावाच भरविण्यात आला आणि तेलंगणाच्या मंत्र्यांनी व्यासपीठावर उभे राहून सर्वांदेखत कोंबडी खाल्ली. परंतु भीती ही भाषणाने जात नाही. कोंबडी सोडलेली कुटुंबे मटणाकडे वळली होती; त्यात टाळेबंदी आली, परराज्यांतून मेंढ्या आणणारे ट्रक थांबले, आणि मटणाचा भाव असा भडकला की एप्रिल २०२०मध्ये शासनास तो किलोस ७०० रुपयांहून अधिक नसावा असे जाहीर करावे लागले. तपासणीसाठी पथके नेमली गेली, दुकानांवर छापे पडले. तरीही जाहीर झालेला भाव आणि हाती पडलेले मांस यांचा मेळ बसला नाही, कारण आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? पाच वर्षांनी, २०२५च्या आरंभी, आंध्रातील गोदावरीकाठच्या जिल्ह्यांत कोंबड्यांना बर्ड फ्लूची लागण झाली. सीमेवर कोंबड्यांचे ट्रक अडविले गेले, पुन्हा कोंबडी पडली आणि पुन्हा मटण व मासळी यांच्या दुकानांत गर्दी झाली. ज्या घराला मटण परवडते ते मटणाकडे वळते. ज्याला ते परवडत नाही त्याचा आसरा ‘बडे का’. तोच महागला तर त्या घराने कोठे वळावे?

या प्रश्नाचे उत्तर अर्थशास्त्राच्या ग्रंथांत शोधण्यापेक्षा स्वयंपाकघरात शोधावे. भाव चढला म्हणून कोणतेही घर एका दिवसात मांस सोडत नाही. ते पायरी-पायरीने उतरते. पहिली पायरी मापाची: किलोच्या जागी अर्धा किलो, अर्ध्याच्या जागी पाव. दुसरी पायरी वारांची: आठवड्यात तीनदा आणणारे घर एकदा आणू लागते, आणि तो एक वार बहुधा शुक्रवार किंवा रविवार असतो. तिसरी पायरी तुकड्यांची: निव्वळ मांसाच्या जागी हाडे, खूर, मुंडी, आतडी असे जे स्वस्त भाग ते घरात येतात, आणि त्यांना शिजविण्यास जळण व वेळ अधिक लागतो, ज्याचा हिशेब कोणी मांडीत नाही. चौथी पायरी मिसळीची: मांसात बटाटा, दुधी, डाळ यांचे प्रमाण वाढते. पाचवी पायरी बदलीची: मांसाऐवजी कोंबडी, कोंबडीऐवजी अंडे, अंड्याऐवजी नुसती डाळ. आणि सहावी पायरी सणांची: मांस हे पाहुणा आला किंवा ईद आली तरच.

हैदराबादी स्वयंपाकाकडे या दृष्टीने पाहिले तर त्यात टंचाईचा इतिहासच दडलेला दिसतो. दालचा हा त्या शहराचा आवडता पदार्थ. हरभऱ्याच्या डाळीत दुधीच्या फोडी आणि थोडेसे मांस वा हाडे घालून, चिंचेचे आंबट देऊन तो करतात. पाव किलो मांस दहा माणसांना पुरविण्याची ती युक्ती आहे. कल्याणी बिर्याणी ही तर गरिबांची बिर्याणी म्हणूनच ओळखली जाते. तिचे नाव बसवकल्याणच्या, म्हणजे आपल्या मराठी सीमेलगतच्या बिदर भागातील नवाबांवरून पडले असे सांगतात. म्हशीच्या मांसाचे बारीक तुकडे, टोमॅटो, जिरे, धने यांवर ती उभी राहते; केशर आणि तूप यांचा तिथे फारसा संबंध नाही. आपल्याकडेही सुक्या सुंगटांच्या किसमुराने किंवा एका बांगड्यात पातेलेभर हुमणाने कितीतरी घरांनी महिनाअखेर निभावून नेली आहे. गृहिणीची ही कल्पकता वाखाणण्याजोगी आहे यात शंका नाही. परंतु तिच्या कल्पकतेचे कौतुक करून राज्यकर्त्यांना आपल्या जबाबदारीतून सुटता येणार नाही. कारण दालच्यातील डाळ वाढत गेली आणि मांस कमी होत गेले तर एक दिवस नाव तेवढे दालच्याचे उरते.

ताट आकसते तेव्हा ते सर्वांचे सारखे आकसत नाही, ही या विषयातील सर्वांत बोचणारी गोष्ट होय. मिळवत्या पुरुषाच्या ताटात तुकडा पडतो, मुलग्याच्या ताटात पडतो, मुलीच्या ताटात रस्सा पडतो आणि स्वयंपाक करणारीच्या वाट्याला पातेल्याच्या तळाशी जे उरेल ते येते. हे चित्र एका धर्माचे वा एका शहराचे नाही. ते आमच्याही घरांतले आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. तेलंगणातील प्रमाण जवळजवळ तेवढेच होते. आपला गोवा स्वतःस सुखवस्तू म्हणवितो, तेथेही ते ३९ टक्के होते. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. केवळ मांस न मिळाल्याने तो होतो असे कोणी म्हणणार नाही. परंतु मांसातील लोह शरीरास सुलभतेने मिळते आणि ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसतेच, हे आहारशास्त्राचे साधे पाठ आहेत.

योगायोग असा की हे पाठ देशास शिकविणारी राष्ट्रीय पोषण संस्था १९५८पासून हैदराबादेतच आहे. डॉ. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेली भारतीय अन्नपदार्थांची कोष्टके तिथूनच प्रसिद्ध झाली. त्यांत शंभर ग्रॅम बीफमध्ये २२.६ ग्रॅम प्रथिने दिली आहेत, मटणात १८.५ आणि अंड्यात १३.३. तूरडाळीत २२.३ ग्रॅम आहेत खरी. पण ते आकडे कोरड्या डाळीचे. गरिबाच्या पातेल्यात मूठभर डाळीत तांब्याभर पाणी पडते, तेव्हा त्या कोष्टकातले किती वाटीत उरत असेल याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. जे मांस सर्वांत स्वस्त तेच प्रथिनांनी समृद्ध, ही गरिबाची आजवरची एक मूक सोय होती. भाव चढतो तेव्हा ती सोय नाहीशी होते.

आता भाव का चढतो ते पाहू. एक कारण निसर्गाचे आहे. कोंबडीचे पिल्लू सहा आठवड्यांत विक्रीयोग्य होते. त्यामुळे कोंबडी महागली तर दोन महिन्यांत नवी आवक येते आणि भाव पुन्हा खाली बसतो. या धंद्याचा पायाही मोठ्या प्रमाणात हैदराबादनेच घातला. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली तेथे वेंकटेश्वरा हॅचरीज उभी केली, आणि अंडी उत्पादकांस दलालांच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागू नये म्हणून त्यांच्याच पुढाकाराने १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली. अंड्याचा भाव आज रोज जाहीर होतो तो त्यामुळे. मेंढीचे गणित याहून सावकाश चालते: पाच महिने गाभ आणि त्यापुढे कित्येक महिने पालन. म्हशीचे त्याहून सावकाश: दहा महिन्यांहून अधिक गाभ, आणि पहिले वेत होईपर्यंत तीन-चार वर्षे. शिवाय म्हैस कोणी मांसासाठी पाळीत नाही. ती दुधासाठी पाळली जाते, आणि मांस हे तिच्या आयुष्याच्या शेवटी येणारे उत्पन्न आहे. तेव्हा भाव वाढला म्हणून मोठ्या जनावरांचे मांस चटकन वाढणे शक्यच नसते.

दुसरे कारण नियोजनाचे आहे. तेलंगण शासनाने जून २०१७मध्ये मेंढीवाटपाची एक प्रचंड योजना आरंभिली. गोल्ला-कुरुमा या पशुपालक समाजांतील प्रत्येक लाभार्थ्यास वीस मेंढ्या आणि एक नर द्यावयाचा, सव्वा लाखाच्या खर्चातील पंचाहत्तर टक्के शासनाने सोसावयाचे, असे तिचे स्वरूप होते. कल्पना उदात्त होती आणि आकडेही डोळे दिपविणारे होते. २०१२च्या पशुगणनेत तेलंगणच्या क्षेत्रात १ कोटी २८ लाख मेंढ्या होत्या; २०१९मध्ये त्या १ कोटी ९१ लाखांवर गेल्या आणि ते राज्य देशात पहिले ठरले. मेंढ्या दीडपट झाल्या, मग मटण स्वस्त झाले काय? झाले नाही. पुढच्याच वर्षी सातशेची मर्यादा घालण्याची पाळी आली आणि त्यानंतरच्या वर्षांत भाव आठशेच्याही वर गेला. योजनेतील गैरव्यवहारांवर लेखापरीक्षकांनी बोट ठेवले, २०२४मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने अटकाही केल्या. पण भ्रष्टाचार क्षणभर बाजूस ठेवला तरी एक धडा उरतोच: गोठ्यात जनावर वाढले म्हणून दुकानात मांस स्वस्त होत नाही. मधला बाजार, दलाल, वाहतूक, कत्तलखाना, शीतगृह यांचा रस्ता नीट नसेल तर वाढलेले धन मधल्या मधे जिरते. शिवाय मेंढ्या वाढविल्या आणि बीफच्या वाटेत काटे पेरले, तर बीफ सोडून मटणाकडे येणारी मागणी त्या वाढीला गिळून टाकते.

तिसरे कारण कायद्याचे आणि त्याहून अधिक बेकायद्याचे आहे. महाराष्ट्रात मार्च २०१५पासून गाईबरोबर बैल व वळू यांच्याही कत्तलीस बंदी झाली. कर्नाटकाने जानेवारी २०२१पासून तसाच कठोर कायदा अमलात आणला आणि म्हशीपुरती, तीही तेरा वर्षांपुढील, सूट ठेवली. लोकनियुक्त विधिमंडळांनी केलेले हे कायदे आहेत; ते असावेत की नसावेत हा आजच्या लेखाचा विषय नव्हे. पण त्यांचा बाजारातील परिणाम सांगावयास कोणी कचरू नये. बैलाची वाट बंद झाली की सारा भार म्हशीवर येतो, आणि त्याच म्हशीच्या मांसाची देश परदेशी निर्यात करतो. २०१४-१५मध्ये ही निर्यात पावणेपंधरा लाख टनांच्या घरात गेली होती. हैदराबादजवळ रुद्रारम येथील निर्यात-कत्तलखान्यावरून १९९०च्या दशकात जो वाद पेटला तो २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयापर्यंत चालला. निर्यातीने स्थानिक पशुधनावर ताण येतो काय, हाच त्यातील एक मुख्य मुद्दा होता. आखातातील ग्राहक आणि चारमिनारमागील रिक्षावाला हे एकाच म्हशीचे गिऱ्हाईक झाले म्हणजे बोली कोणाची वरचढ ठरणार हे सांगावयास नको.

याहून घातक आहे ती रस्त्यावरची झुंडशाही. कागदपत्रे रीतसर असतानाही जनावरांचे ट्रक अडविले जातात, चालकांना मारहाण होते, पैसे उकळले जातात. या धोक्याची किंमत शेवटी मांसाच्या भावातच जमा होते. मे २०१७मध्ये केंद्र शासनाने बाजारात कत्तलीसाठी गुरे विकण्यावर निर्बंध घालणारे नियम काढले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयात दाद मागणाऱ्यांत हैदराबादच्या कुरेशी समाजाचे प्रतिनिधी होते. जुलै २०१७मध्ये त्या नियमांची स्थगिती देशभर लागू झाली. २०२५च्या पावसाळ्यात तर महाराष्ट्रातील कुरेशी समाजाने या त्रासास कंटाळून जनावरांची खरेदीच थांबविली आणि मराठवाड्यातील आठवडी बाजार ओस पडले. त्या वेळी सर्वाधिक तक्रार कोणी केली? शेतकऱ्यांनी! थकलेले जनावर विकून नवे घेणे हा शेतकऱ्याचा जुना व्यवहार. तो तुटला की म्हाताऱ्या जनावराच्या वैरणीचा खर्च त्याच्या माथी बसतो, आणि मग तो जनावर पाळणेच कमी करतो. महाराष्ट्रातील गोवंश २०१२ ते २०१९ या काळात सुमारे दहा टक्क्यांनी घटला. त्यास ट्रॅक्टर, दुष्काळ अशी अन्य कारणेही आहेत. परंतु देवणी आणि लाल कंधारी यांसारख्या मराठवाड्याच्या देखण्या जातींची काळजी वाहणाऱ्यांनी या घटीचा विचार शांतपणे करावा, अशी आमची विनंती आहे.

गोव्यास या साखळीची झळ अनेकदा बसली आहे. आपल्या राज्यातील बीफ मुख्यतः बेळगावकडून येते. कर्नाटकाचा कायदा आला तेव्हा २०२१च्या आरंभी येथे टंचाई झाली आणि अन्य राज्यांतून पुरवठा आणण्याची भाषा शासनास करावी लागली. डिसेंबर २०२४मध्ये मडगावच्या बाजारात गोरक्षक आणि विक्रेते यांच्यात हाणामारी झाली आणि ऐन नाताळाच्या तोंडावर विक्रेत्यांनी दुकाने बंद ठेवली. सरकारने संरक्षणाचे आश्वासन दिल्यावर ती उघडली. नाताळाच्या आदल्या दिवशी ज्यांच्या पातेल्यात काही पडू शकले नाही ते आमचेच शेजारी होते. चतुर्थीस आमच्या घरच्या नेवऱ्या ज्यांच्याकडे जातात आणि नाताळात ज्यांचे दोदोल आमच्याकडे येतात तेच हे लोक. आमच्या चतुर्थीच्या आदल्या दिवशी कोणी नारळ आणि गूळ बाजारातून गायब केला असता तर आम्हांस काय वाटले असते, एवढा विचार प्रत्येकाने केला तरी पुष्कळ झाले.

तर मग करावे काय? पहिली गोष्ट, शासनाने मांस आणि मासळी यांच्या भावाकडे अन्नधान्याच्या भावाइतक्याच गांभीर्याने पाहावे. केंद्रीय ग्राहक व्यवहार खाते दररोज ज्या जिनसांच्या भावांची नोंद ठेवते त्यांची संख्या २०२४मध्ये बावीसवरून अडतीसवर नेण्यात आली. त्यांत अंड्याचा समावेश झाला, हे उत्तम. परंतु मांस आणि मासळी त्या यादीत नाहीत. ज्याची नोंद नाही त्याची चिंता कोणी करीत नाही. दुसरी गोष्ट, परवान्याने व दाखल्यासह चाललेल्या जनावरांच्या वाहतुकीस पोलिसांचे निःसंदिग्ध संरक्षण असावे, आणि बेकायदा वाहतूक होत असेल तर ती पकडण्याचा अधिकार गणवेशातील माणसासच असावा. कायदा ज्याला वंद्य आहे त्याने कायदा हाती घेऊ नये, एवढे साधे तत्त्व आहे. तिसरी गोष्ट, स्वच्छ आणि सरकारी देखरेखीखालील कत्तलखाने. हैदराबादजवळ चेंगिचेर्ला येथे मांसविषयक संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. तिच्या ज्ञानाचा उपयोग नगरपालिकांनी केला तर जनावराचे हालही कमी होतील, नासाडीही थांबेल आणि त्या प्रमाणात भावही उतरेल. आपल्या उसगावच्या गोवा मांस प्रकल्पाचाही याच दृष्टीने विचार व्हावयास हवा. चौथी गोष्ट, तेलंगणाने घाऊक वाटपात जे गमावले ते लक्षात घेऊन छोट्या पशुपालकास मेंढ्या देण्याआधी चारा, पशुवैद्य आणि बाजार द्यावा.

आणि शेवटची गोष्ट मुलांच्या ताटाची. घरात मांस कमी झाले तर शाळेत तरी त्याची भरपाई व्हावी. तेलंगणाने मध्यान्ह भोजनात अंडे दिले, ही गोष्ट अनुकरणीय आहे. याउलट महाराष्ट्र शासनाने २०२५च्या आरंभी शालेय पोषणातील अंड्यांसाठीचा स्वतंत्र निधी बंद केला, याचे आम्हांस दुःख वाटते. ज्या मुलाच्या घरी अंडे चालत नाही त्यास केळे द्यावे. पण ज्याच्या घरी चालते आणि परवडत नाही त्याच्या तोंडचे अंडे कोणत्याही सबबीखाली काढून घेऊ नये.

आमच्या वाचकांनी काय खावे वा खाऊ नये हे सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही. ज्याच्या-त्याच्या घरी ज्याचे-त्याचे कुलाचार चालत आले आहेत आणि ते चालत राहावेत. परंतु आपल्या ताटाचे सोवळे सांभाळणे वेगळे आणि दुसऱ्याचे ताट रिकामे झाले तरी आपल्याला काय त्याचे असे म्हणणे वेगळे. हैदराबादच्या जुन्या शहरात एखादी आई पाव किलो मांसात दुधी वाढवीत असेल तेव्हा तिची मुलगी किती खाते हा प्रश्न धर्माचा नाही, तो भाकरीचा आहे. राज्यकर्त्यांनी तो तसाच हाताळावा, आणि तो तसा हाताळला जावा यासाठी आवाज उठविण्याचे काम ते मांस न खाणाऱ्यांनीही करावे, एवढेच आमचे सांगणे आहे.